बगळ्याची कवटी परत द्या, सुरुवात गावठी कोंबडीपासून करा

सांगलीहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "चिंचेच्या झाडाखाली गायबगळ्याची कवटी सापडली, ती घरी आणली. परदेशातले व्हिडिओ बघून मलाही पक्ष्यांच्या कवट्या जमवून अभ्यास करावासा वाटतोय. कवटी साफ कशी करायची? कायद्याने हे चालतं का? आणि वासामुळे आई रागावते, त्यावर काय करू?"

मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. हा छंद मला तेवीस वर्षांपासून आहे. माझ्या कपाटात आज ६८ कवट्या आहेत आणि त्यांत एकही रानपक्ष्याची नाही. तुमचे प्रश्न तीन असले तरी त्यांच्या मुळाशी एकच आहे: कुठली कवटी हातात घ्यायची आणि घेतल्यावर तिच्यात काय बघायचं. साफसफाई महिनाभरात जमते. बघायला शिकायला मात्र वर्षं जातात, आणि त्यासाठी बगळा लागत नाही.

आधी कायद्याचं बोलू, कारण त्यात वेळ महत्त्वाची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे जवळपास सगळे रानपक्षी संरक्षित आहेत. पक्षी जिवंत पकडला किंवा मारला तरच गुन्हा, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता असतो. अशी वस्तू हातात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवायची, आणि मागितली तर द्यायची. हाड, पीस, नख, अंडं, घरटं हे सगळं त्या कायद्याच्या व्याख्यांत येतं. "कावळ्याचं चालतं ना?" असं मला पुष्कळ जण विचारतात. कावळा पूर्वी पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या भरवशावर राहू नका.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, ते मी समजू शकतो. तुम्ही कुणाला मारलेलं नाही. पावसाळ्यात बगळ्यांच्या वसाहतीखाली पिल्लं पडतात, मरतात आणि मुंग्या ती साफ करतात. मग कायदा इतका कडक का? माझ्या मते याचं उत्तर कवटीतच आहे. कवटी पाहून पक्षी कसा मेला हे सांगता येत नाही. घरट्यातून पडलेला, गलोलीने पाडलेला, जाळ्यात धरलेला, तिघांच्या कवट्या सारख्याच दिसतात. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं धरून विकली जातात. "सापडलेलं चालेल" अशी पळवाट ठेवली, तर विकणारा प्रत्येक जण सापडलं म्हणूनच सांगेल. हा कायदा मी नाइलाजाने पाळत नाही, तो मला पटलेला आहे.

म्हणून ती कवटी वनपरिक्षेत्र कार्यालयात घेऊन जा. सोबत साधा अर्ज लिहा: कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणत्या झाडाखाली, आणि मला कायद्याची माहिती नसल्याने घरी आणली. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. ४८ तास उलटून गेले असतील तरी जा, आणि अर्जात तारीख खरी लिहा. पुढे काय होईल हे समोरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे. कुणी नुसतं ठेवून घेईल, कुणी पंचनामा करेल, कुणी चार प्रश्न विचारेल. मी एकदा रस्त्यावर मेलेलं गव्हाणी घुबड असंच नेऊन दिलं होतं. दोन तास बसावं लागलं, पण पोच मिळाली. ती अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

नेण्याआधी फोटो काढता येतात. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि समोरून असे सहा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटो ठेवायला कुणाची हरकत नाही, आणि अभ्यासासाठी तेच पुष्कळ आहेत. इथून पुढे झाडाखाली कवटी दिसली, तर जागच्या जागी फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

रानपक्ष्यांचं काम खरोखर करायचं असेल तर त्यालाही वाट आहे. शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी याच कायद्याच्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. तो एकट्या हौशी माणसापेक्षा संस्थेमार्फत मागणं शहाणपणाचं, म्हणून पदवी होईपर्यंत थांबा. दरम्यान बघायला जागा आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे आणि तिच्याकडे हजारो पक्ष्यांचे नमुने आहेत. लहानपणी सलीम अलींनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ते ती घेऊन सोसायटीत विचारायला गेले, आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी त्यांना नमुन्यांचे कप्पे उघडून दाखवले. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात उत्खननातली हाडं ओळखण्यासाठी आजच्या प्राण्यांचे सांगाडे ठेवलेले आहेत. अशा ठिकाणी शिक्षकांचं पत्र घेऊन, वेळ ठरवून जावं लागतं.

व्हिडिओंबद्दल एक सांगतो. तुम्ही पाहिलेले बहुतेक ब्रिटनमधले असतील. तिथे आपोआप मेलेल्या रानपक्ष्याची कवटी ठेवता येते, फक्त पक्षी बेकायदा मारलेला नाही हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून तिथली मुलं समुद्रकिनाऱ्यावरून कवट्या उचलून आणताना दिसतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा ठेवता येत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनीही आपापल्या देशाचा कायदा बघूनच हात घालावा.

दुसरी अडचण रोगाची. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, तोही बर्ड फ्लूच निघाला. मेलेला रानपक्षी कशाने मेला हे आपल्याला कळत नाही. एका जागी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

आता मुख्य मुद्दा. कोंबडी, बदक, टर्की, गिनी फाऊल आणि पाळीव जातींची कबुतरं एवढ्यावर आयुष्य जाईल इतका अभ्यास आहे. ही मी स्वतःची समजूत घालण्यासाठी काढलेली पळवाट नाही. डार्विनने नेमकं हेच केलं होतं. १८५५ पासून त्याने पाळीव कबुतरांच्या मिळतील तेवढ्या जाती पाळल्या, त्यांचे सांगाडे केले आणि कवट्या शेजारी शेजारी ठेवून मोजल्या. एकाच पारव्यापासून माणसाने निवडून निवडून काढलेल्या जातींच्या कवट्यांत आणि चोचींत इतका फरक पडतो, की त्या रानात सापडल्या असत्या तर वेगळ्या प्रजाती ठरल्या असत्या, हा त्याच्या १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथातल्या पहिल्याच प्रकरणाचा कणा आहे. त्याला भारतातून कबुतरांची कातडी पाठवणाऱ्यांत वॉल्टर एलियट होता. हा मद्रास इलाख्यातला अधिकारी आधी धारवाडकडे होता, आणि दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३९ मध्ये छापली होती. तुमच्या सांगलीपासून ते काही फार लांब नाही.

म्हणून पहिली कवटी कोंबडीची. पण कुठल्या कोंबडीची? मी इथेच चुकलो होतो. पहिल्यांदा चिकनच्या दुकानातून बॉयलरच्या चार मुंड्या आणल्या आणि पातेल्यात चांगल्या उकळल्या. तासाभराने गाळणीत कवटी उरलीच नव्हती, नुसते पातळ पापुद्रे आणि काड्या होत्या. दोष फक्त उकळण्याचा नव्हता. बॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत कापतात. त्या वयात कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात ती अशी एकजीव होतात की सांधा शोधूनही सापडत नाही. अंडी द्यायचं वय संपलेली लेअर कोंबडी वयाने योग्य असते, पण पिल्लू असतानाच तिच्या चोचीचं टोक कापलेलं असतं, म्हणजे एकमेकींना टोचून जखमा करू नयेत. तिच्या वरच्या चोचीचं हाडच आखूड आणि बोथट निघतं. तेव्हा वर्ष-दीड वर्षाची गावठी कोंबडी किंवा कोंबडा बघा. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा: मुंडी ठेचू नका, मानेचा इंचभर तुकडा राहू द्या. नाहीतरी मुंड्या फेकूनच देतात. कवटीसाठी म्हणून पक्षी कापायला लावू नका.

बॉयलरची मुंडीही कधीतरी मुद्दाम करा, पण थंड पाण्यात. सुटी झालेली हाडं काळ्या कागदावर मांडली की प्रौढ कवटी कशाकशाची बनली आहे ते कळतं. हे मला त्या पातेल्यातल्या पापुद्र्यांनी शिकवलं, आणि आता मी विद्यार्थ्यांना आधी तेच करायला सांगतो.

साफ करायची माझी पद्धत साधी आहे. हातमोजे आणि मास्क घाला, कारण दुकानातल्या कोंबडीतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. छोट्या कात्रीने कातडी काढा. डोळे सोडवून वेगळ्या जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधा, का ते पुढे सांगतो. जीभ मुळापासून काढून दुसऱ्या मोज्यात घाला. मेंदू मागच्या भोकातून वाकवलेल्या तारेने हळूहळू मोकळा करा आणि सुई काढलेल्या सिरिंजने पाणी मारून बाहेर काढा. मग सगळं प्लॅस्टिकच्या बरणीत घालून, बुडेल इतकं नळाचं पाणी भरा आणि झाकण सैल ठेवा. घट्ट लावलं तर आत वायू साठतो. वर जुनं कापड बांधा, म्हणजे माश्या आणि डास जात नाहीत. पुढचं काम जिवाणू करतात. त्यांना ऊब लागते, त्यामुळे किती दिवस हे हवेवर आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात दहा-बारा दिवस पुरतात, डिसेंबरात तीन-चार आठवडे लागतात. चार दिवसांनी अर्धं पाणी बदला. सगळं बदललं तर जिवाणूही जातात आणि काम मागे पडतं. पाणी ओतताना नेहमी बारीक गाळणी धरा. माझ्या एका सुंदर बदकाच्या कवटीचं क्वाड्रेट नावाचं हाड मोरीत वाहून गेलं, आणि त्याच्यावाचून तिचा खालचा जबडा आजतागायत नीट बसत नाही.

मांस सुटलं की हाड पांढरं दिसतं, पण आत तेल असतं. भांडी घासायचा लिक्विड साबण कोमट पाण्यात घालून कवटी आठवडाभर ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला. ही पायरी गाळली तर वर्षभरात कवटी पिवळी पडते आणि तिला खवट वास येतो. उकळायचं नाही ते याचसाठी, तेल हाडात मुरतं. उजळण्यासाठी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घाला आणि कवटी एक दिवस ठेवा. कपड्यांच्या ब्लीचला हात लावू नका, त्याने हाड भुसभुशीत होतं आणि दोन वर्षांनी बोटाखाली चुरा होतो. मला तर आता पेरॉक्साइडही फारसं वापरावंसं वाटत नाही. पांढरीशुभ्र कवटी कपाटात छान दिसते, पण उजळवताना बारीक पापुद्र्यांच्या कडा झिजतात.

चोचीवरचं शिंगासारखं आवरण पाण्यात असताना टोपीसारखं निघून येतं. घाबरू नका, चोच तुटलेली नाही. ते सावलीत वाळवा, आणि आधी चोच आवरणासकट मोजा, मग नुसतं हाड मोजा. पक्षी निरीक्षणाच्या पुस्तकात चोचीची लांबी असते ती आवरणासकट. हाडाशी ती ताडून बघितली की फोटोवरून कवटी ओळखताना लोक का फसतात हे लक्षात येतं.

आता आईचं. त्यांचं रागावणं रास्त आहे, हा वास खरोखर घरात ठेवण्यासारखा नसतो. मागे परस असेल तर बरणी तिथे ठेवा आणि पाणी मोरीत न ओतता झाडाच्या आळ्यात ओतून वर माती टाका. फ्लॅट असेल तर पाण्याची पद्धत सोडून द्या. मोठ्या कुंडीत वीतभर खोल, मोज्यात बांधून पुरा आणि वर फरशी ठेवा, नाहीतर मांजर उकरतं. दोन महिने लागतात आणि मातीचा रंग हाडाला चढतो, काळ्या मातीत राखाडी, कोकणातल्या मातीत तांबूस. शिकायला त्याने काही अडत नाही. स्वयंपाकघरातलं एकही भांडं, गाळणी किंवा चमचा यासाठी वापरायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच आईला सांगा आणि पाळा. आमच्या घरी अर्धा विरोध त्यानेच मावळला.

आणि आता कवटी हातात आहे असं धरू. गावठी कोंबडीची कवटी चोचीसकट साधारण सात सेंटीमीटर भरते आणि वाळल्यावर उचलली तर हातात काही आहे असं वाटत नाही. पहिल्यांदा मागून बघा. मेंदूच्या मोठ्या भोकाखाली मोहरीएवढा एकच गोल मणी दिसेल. त्यावर मानेचा पहिला मणका फिरतो. मटणाच्या दुकानातून बोकडाची मुंडी आणून ताडून बघा, तिथे असे दोन उंचवटे असतात. सगळ्या सस्तन प्राण्यांना दोन, पक्ष्यांना एक, आणि सरडा, साप, मगर यांनाही एकच. पुस्तकात हे एक वाक्य असतं. बोटाखाली तो मणी लागला की विसरणं शक्य नाही.

मग डोळ्यांच्या खोबणी बघा. दोन्हींच्या मधली भिंत इतकी पातळ असते की उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार येतो. डोळा केवढा आणि त्याने मेंदूला कसं मागे ढकललंय ते तिथे दिसतं. आता तो डोळ्यांचा मोजा उघडा. आत नखाच्या कातरणासारख्या बारीक चकत्या असतील, एका डोळ्यात बहुधा चौदा. एकावर एक किंचित चढवून त्यांचं कडं होतं आणि ते डोळ्याचा आकार धरून ठेवतं. पहिलं कडं जुळवायला मला दोन रविवार लागले. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृतींत हे कडं नसतं, कारण साफ करताना ते फेकलं जातं. जिभेच्या मोज्यात दोन लांब, वाकलेल्या काड्या निघतील. कोंबडीत त्या डोक्याच्या मागच्या बाजूला वळतात. सुतार पक्ष्यात याच काड्या कवटीला मागून वळसा घालून डोक्यावरून पुढे येतात, म्हणून त्याची जीभ इतकी लांब बाहेर पडते.

पक्ष्याची वरची चोच हलते, हेही स्वतः बघा. कवटी पाण्यातून काढल्यावर, पूर्ण वाळण्याआधी, गालाची बारीक काडी मागून पुढे अगदी हलकी ढकला. वरच्या चोचीचं टोक वर उचललं जाईल, दोन मिलिमीटर असेल नसेल. कानाजवळचं क्वाड्रेट पुढे झुलतं, काडीला रेटतं आणि चोच कपाळाशी असलेल्या पातळ हाडावर वाकते. आपला वरचा जबडा कवटीला पक्का असतो, म्हणून हे आपल्याला सुचतच नाही. पोपटवर्गात तिथे चक्क बिजागरी असते. कुणाच्या घरचा बजरिगार किंवा कॉकाटील म्हातारपणी गेला आणि त्यांनी दिला, तर ती बिजागरी बघायला मिळेल. मात्र मालकाकडून तसं लिहून घ्या, आणि मोजे-मास्कशिवाय हात लावू नका, पोपटवर्गाचा एक आजार माणसाच्या फुप्फुसांना होतो. आपला देशी पोपट पिंजऱ्यात वाढलेला असला तरी तो वन्यपक्षीच, त्याच्या वाटेला जाऊ नका.

फुटलेली कवटी टाकू नका. कपाळाचा तुकडा आडवा बघा: वर एक पापुद्रा, खाली एक पापुद्रा, मधे बारीक खांब आणि हवा. लहान वयात एकच थर असतो, वाढताना हा पोकळ मजला तयार होतो. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणारे अभ्यासक डोक्याच्या पातळ कातडीतून ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या याच खांबांवरून पक्षी नवा आहे की जुना हे ओळखतात.

दुसरी कवटी बदकाची करा आणि तिसरी लक्का किंवा गिरेबाज कबुतराची, पाळणाऱ्याकडून मागून आणलेली. रस्त्यावरचा पारवा नको. तिन्हींचे खालचे जबडे शेजारी ठेवा आणि सांध्याच्या मागे काय आहे ते बघा. कोंबडीत तिथे एक लांब, चपटं पातं मागे निघालेलं असतं. बदकातही तसंच लांब पातं असतं. कबुतरात ते नाही, जबडा सांध्यापाशीच संपल्यासारखा वाटतो. आता तिन्ही कवट्या उलट्या करून टाळू बघा. कोंबडीच्या टाळूत मधोमध फट आहे, बदकात हाडं मधे जुळून पूल झालाय. टी. एच. हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये अशा टाळूंवरून पक्ष्यांचे गट पाडले, तेव्हा कोंबडी आणि बदक वेगवेगळ्या गटांत गेले. जबड्यामागचं पातं मात्र ते नातेवाईक असल्याचं सांगतं, आणि पुढे जनुकांच्या अभ्यासानेही तेच सांगितलं. एक खूण फसवते, दुसरी खरं बोलते, आणि कुठली कुठली हे आधी माहीत नसतं. मी हे शिकवत आलो होतो, पण मला ते खऱ्या अर्थाने कळलं ते या तीन जबड्यांसमोर बसल्यावर.

पुढे गिनी फाऊल मिळाला तर सोडू नका. त्याच्या डोक्यावरचं शिरस्त्राण खरोखर हाडाचं असतं. कोंबड्याचा तुरा मात्र कवटीवर शोधून सापडणार नाही, तो सगळा मांसल असतो. तीन तासांचं प्रात्यक्षिक या दोन कवट्यांवर होतं. रानपक्ष्यांची तहान भागवायला मॉर्फोसोर्स नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे जगभरच्या संग्रहालयांतल्या कवट्यांचे स्कॅन पडद्यावर फिरवून बघता येतात. तुमच्या गायबगळ्याचे सहा फोटो तिथल्या बगळ्यांशी ताडून बघा.

प्रत्येक कवटीचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी काढा. फोटो काढताना डोळा सरकून जातो, पेन्सिलीला मात्र प्रत्येक कडेपाशी थांबावं लागतं. व्हर्नियर कॅलिपरने निदान चार मापं घ्या: एकूण लांबी, चोचीच्या हाडाची लांबी, सर्वांत जास्त रुंदी आणि डोळ्याच्या खोबणीची रुंदी. एकाच गावच्या दहा कोंबड्या मोजल्यात, तर कोंबडा आणि कोंबडी यांच्यात किती फरक पडतो हे तुमचं तुम्हालाच काढता येईल. मला दहा जातींच्या दहा कवट्यांपेक्षा एका जातीच्या दहा कवट्या जास्त मोलाच्या वाटतात.

ठेवायला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघायचं. उघड्यावर ठेवलं तर बुरशी येते आणि उंदीर हाडं कुरतडतात. सुटे भाग पांढऱ्या फेविकॉलने चिकटवा, कारण चुकलं तर तो पाण्याने सुटतो. झटपट चिकटणारं वापरू नका.

आणि चिठ्ठी. पहिल्या वर्षीच्या माझ्या अकरा कवट्यांना चिठ्ठी नव्हती. वाटलं, लक्षात राहील. त्या कुठल्या गावच्या, केवढ्या वयाच्या, हे आता मला सांगता येत नाही, आणि मापांच्या वहीत त्या धरता येत नाहीत. उद्या कुणी विचारलं तर पाळीव पक्ष्याचीच आहे हे दाखवायलाही चिठ्ठी आणि दुकानाची पावती लागते. कवटीवर मागच्या बाजूला काळ्या शाईने बारीक आकडा घाला आणि तोच आकडा वहीत. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो, तशी तुमची पहिली लिहा:

क्र. १२. गावठी कोंबडी, मादी, वय सुमारे दीड वर्ष. मलकापूरच्या दुकानातून, पावती फाइलमध्ये. बरणीत ३ एप्रिल, बाहेर १४ एप्रिल. लांबी ६९ मिमी. डाव्या डोळ्याचं कडं पूर्ण, चौदा चकत्या. उजव्यातली एक हरवली. जिभेचं हाड सोबत.

बगळा देऊन आलात की पोच जपून ठेवा. पहिल्या कोंबडीत काही अडलं तर फोटो पाठवून विचारा, मागची बाजू आणि टाळू दोन्ही दिसतील असे.